टोपलीत न टाकलेलं मेडल

शप्पथ, ही गोष्ट खरी आहे. अक्षर न् अक्षर.

म्हणजे, मी त्या बोटीवर नव्हतो. पण बोटीवर जी टोपली होती ती आमच्या घरची होती, त्यामुळे जवळजवळ मी होतोच. चाचांची वाक्यं आहेत तशी ठेवलीत. बाकीच्यांची जरा नीट केलीत. होकायंत्राचा अंश एखाददुसरा इकडेतिकडे झाला असेल. एवढं सोडलं तर सगळं खरं.

आणि आपलं ठरलंय ते लक्षात ठेवा. गोष्ट संपल्यावर अर्थ विचारायचा नाही. जो विचारेल त्याच्याकडे सगळ्यांचा चहा.

बसा.

“मग चूक कुणाची?”

होडेकरचाचांनी विचारलं.

बशीर होडेकर. जन्मभर मोठमोठ्या जहाजांचे होके जुळवून दिले. होका म्हणजे होकायंत्र. आता आमच्या बंदरात राहतात, ओटीवर बसतात. नम्र वगैरे अजिबात नाहीत. “माझ्या सहीचा होका चुकला तर आधी ध्रुवाला जाऊन विचारा, तू का सरकलास,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. न विचारता.

समोर उभा मयूरेश टिकम. बोटी चालवायच्या ट्रेनिंगला गेला होता, पहिला येऊन परत आला. गोल्ड मेडल मिळालं. निळ्या रिबिनीवर, गळ्यात. आल्यापासून ते काढलंच नव्हतं. आंघोळीला काढतो असं त्याची आई सांगायची, पण पोहताना आम्ही बघितलंय. मेडल आधी पाण्यात जायचं, मागून मयूरेश.

“चूक दोघांची,” मयूरेश म्हणाला. “एक पृथ्वीची. सुई खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, चुंबकाच्या उत्तरेकडे बघते. दोन्हींत फरक. जागा बदलली की बदलतो, वर्षं गेली की बदलतो. आपल्याकडे फारच कमी, अंशभरसुद्धा नाही. पण आहे. दुसरी चूक बोटीची. इंजिन लोखंडी, विंच लोखंडी, नांगर लोखंडी. सगळे सुईला आपापल्याकडे ओढतात. बोट वळली की ओढ बदलते. म्हणून एकेका दिशेला बोट उभी करून फरक मोजायचा आणि कार्डावर लिहायचा. पृथ्वीची चूक नकाशावर वाचायची, बोटीची कार्डावर. दोन्हींचा हिशोब केला की खरी दिशा.”

“श्वास कुठे घेतलास?”

“पहिला आलोय, चाचा.”

“पहिला मीही आलो होतो.” चाचांनी चहा संपवला. “दोन चुका झाल्या. तिसरी?”

“तिसरी नसते.”

“…”

“पुस्तकात दोनच आहेत, चाचा.”

ओटीच्या कोपऱ्यात चाचांचा जुना होका होता, लाकडी पेटीतला. मयूरेश त्याच्याकडे बघायला लागला. पेटीच्या डाव्या बाजूला एक गोल चकती स्क्रूने बसवलेली. पार गंजलेली.

“हे काय?”

“दुरुस्ती,” चाचा म्हणाले, आणि चप्पल घालायला लागले.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. सुहासिनीकाकू टिकम, म्हणजे मयूरेशची सख्खी काकू, ‘भैरीप्रसाद’ची मालकीण. बोटीला नवीन इंजिन बसवलेलं. दुसऱ्या दिवशी मासेमारी सुरू होणार होती. काकूंनी आधीच सांगून ठेवलेलं, “कार्ड मयूरेशने करायचं. चाचांनी सही केली तर सुकाणू मयूरेशचं, बोटीचा तांडेल तो. नाही केली तर मी जयगडचा माणूस ठरवून ठेवलाय. घरातला म्हणून बोट बुडवायला देणार नाही.”

तुम्ही म्हणाल जीपीएस असतं की. असतं. भैरीप्रसादवर पण आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्याने काकूंची बोट साताऱ्यात दाखवली. तेव्हापासून काकू होक्यावर आहेत.

बोट बंदराबाहेर गेली. सुकाणूवर काकू स्वतः. दोरखंडाच्या वेटोळ्यावर चाचा. आणि मागच्या टोकाला, होक्यापासून जमेल तितकी लांब, आमची टोपली.

चाचांचा नियमच आहे तो. देवळात शिरताना चपला बाहेर, तसं होक्याजवळ जाताना खिसे टोपलीत. किल्ल्या, मोबाईल, सुरी, पट्ट्याचं बक्कल. लोखंडाचा एक कण होक्याजवळ न्यायचा नाही. एकदा एका तांडेलाची पँट बक्कल काढल्यावर खाली घसरली. चाचा म्हणाले, “राहू दे. सुई सरळ आहे.”

काकूंनी मोबाईल टाकला, बांगड्या दाखवल्या. काचेच्या. पास.

चाचांनी आपलं पेन टाकलं. चष्मा बघितला, तो प्लॅस्टिकचा.

मयूरेशने किल्ल्या टाकल्या. मोबाईल टाकला. पट्टा टाकला. चष्मा त्याचाही प्लॅस्टिकचा. आणि होक्याकडे निघाला.

“ते?” चाचांनी मेडलकडे बोट केलं.

“सोन्याचं आहे, चाचा. सोनं सुईला ओढत नाही.”

“…”

“पुस्तकात आहे.”

“बरोबर,” चाचा म्हणाले. “सोनं नाही ओढत.” आणि डोळे मिटून बसले.

“अरे, शर्टावर कसला डाग पाडून घेतलायस?” काकू सुकाणूवरून ओरडल्या. “छातीवर, केशरी?”

“घामाचा आहे, काकू.”

“केशरी घाम? काय खाता काय तिकडे तुम्ही?”

मग काम सुरू झालं. किनाऱ्यावर मशिदीचा मिनार आहे आणि त्याच्या मागे टेकडीवर दीपगृह. समुद्रात एका जागी ते दोन्ही बरोबर एकामागे एक दिसतात. तिथून त्यांची दिशा किती, ते नकाशावर पक्कं माहीत. काकूंनी बोट उत्तरेला तोंड करून त्या रेषेवरून न्यायची, रेष जुळली की मयूरेशने ओरडायचं, वाकून होका वाचायचा आणि नकाशापेक्षा किती फरक आला ते कार्डावर लिहायचं. मग ईशान्येला तोंड, परत तेच. मग पूर्व. असं करत सगळीकडे.

दर वेळी तो वाकला की मेडल पुढे लोंबायचं आणि होक्याच्या काचेशी येऊन थांबायचं. जसं काही तेही वाचतंय.

“जुळली!” मयूरेश ओरडायचा.

“मेल्या, कानात नको ओरडू!” काकू ओरडायच्या.

चाचा डोळे मिटून.

कार्ड पूर्ण झालं. अक्षर छापल्यासारखं. खाली रेघ मारून मयूरेशने स्वतःचं नाव लिहिलं, नावापुढे ‘सुवर्णपदक’ लिहिलं, आणि कार्ड चाचांपुढे धरलं.

चाचांनी नीट वाचलं. उलटं करून पण बघितलं.

“सुंदर,” ते म्हणाले.

मयूरेशने काकूंकडे बघितलं. जयगडच्या माणसाला फोन करून नको म्हणा, असं त्या बघण्यात होतं.

“सुंदर आहे,” चाचा परत म्हणाले. “आता मी वाचतो. सुहासिनी, उत्तर दिशेला घे बोट. तू केबिनच्या दारात उभा राहा, पोरा.”

काकूंनी बोट घेतली. मिनार आणि दीपगृह जुळले. चाचा वाकले.

“दोन अंश.”

“कार्डावर सहा आहेत,” मयूरेश म्हणाला.

“इथे दोन आहेत.”

“मग… वाचताना तुमची चूक झाली असेल.”

बोटीवर एकदम शांतता. इंजिनसुद्धा दबकून चाललं म्हणतात. होडेकरचाचांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. बोलायचं काही जणांच्या मनात होतं, पण ते मनातच ठेवून गेले.

चाचा चिडले नाहीत.

“सुहासिनी, परत घे त्याच रेषेवर. तू वाच, पोरा.”

मयूरेश वाकला. “सहा! बघा ना.”

चाचांनी बघितलं. सहा.

“मागे हो.”

मयूरेश दारात गेला.

“दोन,” चाचा म्हणाले. “पुढे ये.”

“सहा.”

“मागे हो.”

“…”

“पुढे ये.”

तो पुढे आला की सुई वळायची. मागे गेला की जागेवर यायची. चाचा होक्याशी हाताची घडी घालून उभे, आणि मयूरेश दार ते होका, होका ते दार.

“अगो बाई!” काकू म्हणाल्या. “तुला बघून हलतेय की रे ती! सलाम करते की काय?”

मयूरेशला ते थोडा वेळ पटलं होतं, असं टोपलीच्या बाजूने सांगण्यात येतं. निदान त्याने मान जरा ताठ केली.

“आता ते टोपलीत टाक,” चाचा म्हणाले.

“पण चाचा, सोनं…”

“सोनं नाही ओढत. टाक.”

मयूरेशने मेडल गळ्यातून काढलं. मागे जाऊन किल्ल्यांवर ठेवलं. आवाज जरा जास्तच झाला. परत आला, होक्यावर वाकला.

सुई हलली नाही.

तो आणखी वाकला. नाक काचेला टेकलं.

सुई हलली नाही.

चाचा स्वतः मागे गेले. मेडल रिबिनीला धरून आणलं, देवाची वात आणावी तसं, दोन बोटांत. होक्याच्या काचेभोवती सावकाश एक फेरी मारली. सुई मेडलच्या मागे मागे गेली, गायीमागे वासरू जातं तशी.

मग काकूंना आठवलं. “तरीच! तरीच म्हटलं घाम केशरी कसा! गंज आहे तो, गंज! सोन्याला गंज चढला हो!” आणि त्या सुकाणूवर डोकं ठेवून हसायला लागल्या. बोट पण त्यांच्याबरोबर हलायला लागली.

“प्राचार्य स्वतः म्हणाले होते,” मयूरेश म्हणाला. “माईकवर. सोन्याचं म्हणून.”

काकू हसतच होत्या.

“आईने देव्हाऱ्यात ठेवलं होतं. दोन दिवस. हळदकुंकू लावलं होतं त्याला.”

काकूंचं हसणं थांबलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. “पहिला तर आलास ना?” त्यांनी विचारलं. “का ते पण पॉलिशच?”

“आलो.”

“पेपर तूच लिहिलेस?”

“काकू!”

“विचारून ठेवलं.”

मयूरेशने कार्ड उचललं आणि फाडायला दोन्ही हातांत धरलं. चाचांनी मनगट पकडलं.

“काय करतोयस?”

“चुकीचं आहे.”

“कोण म्हणतं? कार्ड बरोबर आहे.”

“मेडल लोखंडाचं निघालं, चाचा!”

“म्हणूनच बरोबर आहे. मेडल घालून सुकाणूवर उभा राहा. दर वेळी जेवढा वाकलास तेवढाच वाक. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही. हे कार्ड तुला मरेपर्यंत चुकवणार नाही.” चाचांनी टोपलीकडे बघितलं. “माझं पेन आण. सही करतो.”

“…”

“सही हवी होती ना?”

मयूरेशने काकूंकडे बघितलं. काकू समुद्राकडे बघत होत्या. बांगड्या मात्र वाजल्या.

सूर्य खाली चालला होता. उजेड गेला की मिनार दिसणार नाही, आणि मिनार नाही दिसला की मोजणी नाही. मोजणी नाही तर सही नाही. उद्या भैरीप्रसाद जाणार, आणि सही नसेल तर तिच्यावर जयगडचा माणूस. आणि इथे चाचा सही द्यायला तयार उभे. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून.

मयूरेशने चाचांच्या हातातून मनगट सोडवलं.

कार्ड फाडलं.

“काकू, बोट परत उत्तरेला घ्या.”

“उजेड पुरेल का रे?”

“पुरवू.”

“डिझेल माझं जातंय.”

“मी पहिला आलोय, काकू,” मयूरेश म्हणाला. “आता मेडलशिवाय बघू.”

काकूंनी बोट अशी वळवली की चाचा दोरखंडावर बसले ते थेट आडवेच झाले. “हां,” काकू म्हणाल्या, “आता टिकमांचा वाटतोस!”

दुसरी मोजणी पहिल्यापेक्षा लवकर झाली. मयूरेश आता वाकल्यावर काही लोंबत नव्हतं. वाचताना त्याचा हात सवयीने छातीकडे जायचा, रिकामाच परत यायचा. शेवटची दिशा वाचली तेव्हा मिनाराचं टोक तेवढं उजेडात राहिलं होतं.

कार्ड खरं आलं. पण खराब आलं. बोटीचं इंजिन नवीन आणि तगडं, त्यामुळे सुई एकीकडे फारच झुकत होती.

“हे काय कार्ड आहे,” मयूरेश तोंड वाकडं करून म्हणाला.

“बोट आहे तशी आहे,” चाचा म्हणाले. “मेडल आण.”

“आता कशाला?”

“आण.”

चाचांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. पितळेचा, खास होक्यासाठीचा, त्याला टोपलीची गरज नसते. रिबीन सोडवली आणि काकूंकडे फेकली. मेडल होक्याच्या लाकडी पेटीला उजवीकडून लावून बघितलं. सुई आणखी बिघडली. डावीकडून लावलं. थोडं वर… थोडं खाली…

सुई सावकाश वळली. जिथे असायला हवी तिथे येऊन थांबली.

मयूरेश बघतच राहिला. मग त्याची नजर चाचांच्या हातावर गेली, मग पेटीच्या डाव्या बाजूवर.

“चाचा…”

“बोल.”

“तुमच्या ओटीवरची ती चकती. गंजलेली.”

चाचा स्क्रू पिळत होते.

“तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं,” मयूरेश म्हणाला.

“मागच्या बाजूला आहे. तेव्हा मी उलटं लावलं. फार वर्षं झाली.” चाचांनी मेडल फिरवलं. ‘प्रथम क्रमांक’ अक्षरं बाहेरच्या बाजूला आली. “तुझं सरळ लावतो.”

राहिलेल्या उजेडात त्यांनी जेवढ्या दिशा तपासता आल्या तेवढ्या तपासल्या. बाकीच्या, आकाश अजून लाल होतं तोवर, मावळत्या सूर्यावरून. ते कसं करतात ते मला माहीत नाही, टोपलीलाही माहीत नाही. पण फरक इतका कमी आला की कार्डावर लिहायला मयूरेशला लाज वाटली. म्हणजे अभिमानाची लाज. काकूंनी त्याला एक धपाटा घातला, तो कौतुकाचा होता, पण त्याचा चष्मा पडला.

चाचांनी पेन मागवलं. नवीन कार्डावर सही केली. मोठी, सगळ्या कार्डावर पसरलेली, शेपटीसकट.

“सुहासिनी, जयगडला फोन कर.”

“केव्हाच केला,” काकू म्हणाल्या. “कार्ड फाडून तो परत ‘जुळली’ म्हणून ओरडला तेव्हाच. मागे टोपलीपाशी जाऊन.”

बोट बंदराकडे निघाली. सुकाणूवर आता मयूरेश. काकू बाजूला उभ्या, रिबीन हाताला गुंडाळून. मयूरेश होक्याकडे बघायचा, मग मेडलकडे, मग परत होक्याकडे. मेडलच्या एका कडेला पॉलिश उडालेलं दिसत होतं.

“आईला काय सांगू?” त्याने विचारलं.

“सांग बोटीला दिलं,” काकू म्हणाल्या. “आजपासून ‘प्रथम क्रमांक’ लिहिलेली बोट आहे माझी. बंदरात दुसरी दाखव कुणाची. उद्या तिला घेऊन ये, इथेच हळदकुंकू लावू दे.”

मयूरेश हसला.

बंदराचे दिवे दिसायला लागले. सुई सरळ होती.

“पण चाचा,” तो हळूच म्हणाला, “तरी पण… खरंच सोन्याचं असतं तर…”

चाचा दोरखंडावर डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले नाहीत.

“सोन्याचं असतं,” चाचा म्हणाले, “तर काय कामाचं होतं?”

…

काय म्हणालात?

नाही, मी ऐकलं. तुम्ही, चष्मेवाले. तुम्ही “म्हणजे काय?” म्हणालात.

चला, सगळ्यांचा चहा तुमच्याकडे. आणि मला एक प्लेट भजी जास्त. आमची टोपली अजून परत आलेली नाही.